सोळा इंची रिम, २०५ रुंदी आणि पुण्याचा पाऊस

माझ्याकडे फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी आहे. दीड लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १५० पीएस शक्ती, २५० न्यूटन मीटर टॉर्क, आणि हे सगळे रस्त्यावर उतरवण्याचे काम पुढच्या दोन चाकांकडे. चाकणच्या कारखान्यातून निघालेल्या या गाडीने आपले बहुतेक आयुष्य पुणे जिल्ह्यात आणि आसपासच्या घाटांत काढले आहे. यंदाच्या मे महिन्यात तिचे मूळ टायर बदलायला आले. ते अजून गोटा झालेले नव्हते. नक्षीच्या खोबणीत तळाशी जे छोटे झीजदर्शक उंचवटे असतात, त्यांच्यापेक्षा पुढच्या टायरचे रबर अजून दीडेक मिलिमीटर वर होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने आणखी काही हजार किलोमीटर सहज निघाले असते. पण पावसाळ्यासाठी मी तीन मिलिमीटर ही मर्यादा मानतो, आणि मृगाचा पाऊस तोंडावर आलेला असताना ती ओलांडण्याची माझी तयारी नव्हती.

स्पोर्टी सेडानसाठी चांगले टायर कोणते, हा प्रश्न पुण्यात विचारला की उत्तर ब्रँडच्या नावापासून सुरू होते आणि किमतीवर संपते. माझे मत थोडे निराळे आहे. पुण्यात परफॉर्मन्स टायरवर जादा पैसे मोजायचे ते ओल्या रस्त्यावर गाडी लवकर थांबावी म्हणून. कोरड्या डांबरावर या वर्गातली गाडी कोणत्याही बऱ्या टायरवर पुरेशी घट्ट धावते, आणि तिथे टायरची खरी मर्यादा गाठायची तर सार्वजनिक रस्त्यावर जे करू नये तेच करावे लागते. पावसात मात्र ती मर्यादा आपण न शोधताही आपल्याला सापडते. रुंदी, रिम, नक्षी, रबर आणि किंमत यांविषयीचे माझे सगळे निर्णय या एका मतावरून ठरले.

आधी वर्गवारी. युरोपातल्या वर्गवारीत टायर उन्हाळी, हिवाळी आणि बारमाही अशा तीन प्रकारांत मोडतात, आणि उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊन पकड सोडू लागते. आपल्याकडे पाषाण किंवा एनडीएच्या बाजूला थंडीतल्या एखाद्या पहाटे पारा तिथवर उतरतो, पण नऊ वाजता ऑफिसला निघणाऱ्या माणसाचा त्याच्याशी संबंध येत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी उघड्या डांबराचे तापमान ६० अंशांच्या आसपास जाते. त्यामुळे पुण्यात विकले जाणारे मोटारीचे जवळपास सगळेच टायर उन्हाळी प्रकारातलेच असतात आणि आपल्याला निवड करायची असते ती त्यांच्यातल्या पोटवर्गांतून.

हे पोटवर्ग दुकानदार सहसा समजावून सांगत नाहीत, पण टायरच्या नावातून ते ओळखता येतात. मिशलिनचा प्रायमसी हा आरामाकडे झुकणारा आणि पायलट स्पोर्ट हा पकडीकडे झुकणारा. ब्रिजस्टोनच्या घरात हीच जोडी तुरांझा आणि पोटेन्झा अशी आहे; योकोहामाकडे ब्लूअर्थ आणि अ‍ॅडव्हान. गुडइयरचा असिम्मेट्रिक हा शेपूट असलेला ईगल एफ१ थेट स्पोर्ट वर्गातला. कॉन्टिनेंटलचा अल्ट्राकॉन्टॅक्ट मध्यावर बसतो आणि मॅक्सकॉन्टॅक्ट त्याच्या वरच्या पायरीवर. अपोलोने २००९ मध्ये व्रेडेस्टाइन ही डच कंपनी विकत घेतली आणि त्या नावाचा अल्ट्राक व्होर्टी आता भारतातही मिळतो, तोही स्पोर्टकडचाच. ही यादी पूर्ण नाही, पण दुकानात जाण्यापूर्वी प्रत्येक कंपनीच्या कोणत्या पायरीवर आपण उभे आहोत एवढे माहीत असले, तरी एका कंपनीचा आरामाचा टायर दुसऱ्या कंपनीच्या स्पोर्ट टायरशी किमतीत ताडून पाहण्याची गल्लत टळते.

स्पोर्ट वर्गातला टायर ओल्यात अधिक का धरतो, याचे उत्तर नक्षीत कमी आणि रबरात जास्त आहे. रस्ता वरवर सपाट दिसला तरी खडीच्या बारीक टोकांनी भरलेला असतो. टायर त्यांच्यावरून सरकताना रबर प्रत्येक टोकाभोवती दबते आणि पुन्हा उसळते. हे उसळणे जितके आळशी, तितकी ऊर्जा रबरातच जिरते आणि तितकी पकड मिळते. पण हाच आळशीपणा टायर नुसता फिरत असतानाही कायम राहिला, तर इंधन वाया जाते आणि टायर तापतो. पूर्वी रबरात प्रामुख्याने कार्बनची काजळी भरत, तेव्हा पकड वाढवली की मायलेज पडे आणि मायलेज वाढवले की पकड जाई. मिशलिनने १९९२ मध्ये काजळीच्या जागी मोठ्या प्रमाणावर सिलिका वापरून कमी इंधन खाणारा टायर बाजारात आणला आणि ही अडवणूक बरीचशी सुटली, कारण सिलिकाचे मिश्रण चाकाच्या संथ फिरण्याला एका रीतीने आणि खडीवरच्या अतिजलद कंपनांना दुसऱ्या रीतीने प्रतिसाद देते. आज सर्वच मोठ्या कंपन्या सिलिका वापरतात. फरक असतो तो प्रमाणाचा, त्यासोबतच्या रेझिनांचा आणि टायरने किती हजार किलोमीटर टिकावे या अपेक्षेचा.

नाना पेठेत मोटारीच्या सामानाची इतकी दुकाने आहेत की तिथे टायरविषयी मत मागावे लागत नाही, ते आपोआप मिळते. मी गाडी घेऊन गेलो तेव्हा भाचा सोबत होता. टायरवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारली, पुढच्या चाकाच्या कमानीत हात घालून मोकळी जागा पाहिली आणि सांगितले, "साहेब, सतरा इंची अलॉय टाका, २२५/४५ चा सेट बसवतो. गाडीचा लूकच बदलेल." भाच्याला तेवढेच पुरे होते. "मामा, सोळा इंची चाकांवर जीटीचा बिल्ला शोभत नाही, हे मी पहिल्या दिवसापासून सांगतोय," असे त्याने दुकानदाराच्या साक्षीने पुन्हा एकदा नोंदवून ठेवले.

या सूचनेत तथ्य नाही असे मुळीच नाही. कंपनीने दिलेले माप २०५/५५ आर१६ आहे. म्हणजे टायरची रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के आणि रिम सोळा इंची. हिशेब केला तर चाकाचा एकूण व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर येतो. २२५/४५ आर१७ चा व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. स्पीडोमीटर बिघडत नाही आणि गिअरचा हिशेबही तसाच राहतो. अनेक जण २१५/५० आर१७ घालतात, पण त्याचा व्यास जवळपास ६४७ मिलिमीटर होतो, म्हणजे मूळ मापापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी अधिक, आणि गाडी तेवढी मंद वाटू लागते. शिवाय स्पोर्ट वर्गातल्या टायरची खरी निवड सतरा इंचांपासून पुढेच सुरू होते. सोळा इंचांत त्या वर्गातली नावे हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच सापडतात. म्हणजे मला हवे असलेले रबर सतरा इंचांत सहज मिळत होते आणि मला हवा असलेला आकार सोळा इंचांत होता. या लेखातला सगळा पेच एवढाच आहे.

सतरा इंचांच्या विरोधात माझी दोन कारणे होती. पहिले कारण रस्त्यांचे. २०५/५५ च्या टायरची भिंत सुमारे ११३ मिलिमीटर उंच असते आणि २२५/४५ ची सुमारे १०१. हे अकरा-बारा मिलिमीटर कागदावर नगण्य वाटतात, पण पुण्यात जुलैमध्ये पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही, दिसतो तो फक्त त्यावरचा पाण्याचा पत्रा, आणि त्यात चाक गेले की रिमची कड आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये एवढीच भिंत उरते. ती चिमटली गेली की आतले धागे तुटतात, रबर मात्र शाबूत राहते, आणि दोन दिवसांनी गाडी धुताना बाजूला लिंबाएवढा फुगा दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. तो फेकावाच लागतो. ड्रेनेजची झाकणे रस्त्याच्या पातळीपेक्षा चार बोटे खाली ठेवण्याची जी परंपरा या शहराने निष्ठेने जपली आहे, ती लक्षात घेता पन्नासच्या खालचे प्रोफाइल, म्हणजे भिंतीच्या उंचीची टक्केवारी, इथे रोज वापरणाऱ्यांच्या हिमतीचे मला कौतुक वाटते.

दुसरे कारण पाण्याचे आहे, आणि माझ्या दृष्टीने ते अधिक वजनदार आहे. रुंद टायर कोरड्यात वळणावर नक्कीच अधिक स्थिर राहतो, पण साचलेल्या पाण्यात तो जादा रुंदीतले जादा पाणी बाजूला सारण्याची जबाबदारी अंगावर घेतो. पाणी वेळेत बाहेर पडले नाही की टायरपुढे पाण्याची पाचर तयार होते आणि चाक रस्त्यावरून उचलले जाते. त्या क्षणी स्टीअरिंग हलके होते आणि ब्रेकचा काही उपयोग राहत नाही. अमेरिकेच्या नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर केलेल्या अभ्यासातून एक सोपे सूत्र निघाले: टायरमधल्या हवेच्या दाबाचे, म्हणजे पीएसआयच्या आकड्याचे, वर्गमूळ काढून त्याला सुमारे १०.३५ ने गुणले की ताशी किती मैलांना चाक पाण्यावर तरंगू लागेल त्याचा अंदाज येतो. हे सूत्र मोटारीच्या चांगल्या नक्षीच्या टायरला जसेच्या तसे लागू होत नाही. नक्षी गुळगुळीत झालेली असताना किंवा पाणी नक्षीच्या खोलीहून अधिक साचलेले असताना ते जवळ जाते. तरीही त्यातला इशारा कामाचा आहे. ३३ पीएसआय दाबाला उत्तर येते ताशी सुमारे ९६ किलोमीटर. हवा २५ पर्यंत उतरली असेल तर ते सुमारे ८३ वर येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींसाठी वेगमर्यादा १०० आहे. म्हणजे नियम पाळणारा सज्जन माणूससुद्धा गुळगुळीत टायर आणि कमी हवा घेऊन मुसळधार पावसात निघाला, तर तो तरंगण्याच्या वेगाच्या वर असतो.

त्यामुळे रुंदी २०५ आणि रिम सोळा इंचीच, एवढे ठरले. भाच्याची नाराजी खर्चात धरली.

आता टायरच्या भिंतीवरच्या खुणा. आकारानंतर येणारे ९१व्ही हे अक्षर-अंक म्हणजे एका टायरची भारक्षमता ६१५ किलो आणि वेगक्षमता ताशी २४० किलोमीटर. ९४ असेल तर भारक्षमता ६७० किलो, आणि डब्ल्यू असेल तर वेगक्षमता २७०. आपल्याला २४० ने जायचे नसते, पण वेगक्षमतेचे अक्षर टायरच्या आतल्या बांधणीविषयीही काही सांगते: अधिक वेगासाठी बनवलेला टायर उष्णता अधिक सोसतो आणि स्टीअरिंगला लवकर उत्तर देतो. मूळ अक्षराच्या खाली कधीही जाऊ नये, आणि दुकानात "एच पण चालतो साहेब, २१० ने कोण पळवतंय" असे कोणी म्हणाले तर नम्रपणे पुढच्या दुकानात जावे.

ट्रेडवेअर म्हणजे टायर किती सावकाश झिजतो याचा जो आकडा कोरलेला असतो, तो अमेरिकी पद्धतीचा आहे आणि कंपनी तो स्वतःच जाहीर करते. एकाच कंपनीचे दोन टायर ताडून पाहायला तो उपयोगी पडतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे ३०० आणि ४०० समोरासमोर ठेवून निष्कर्ष काढणे व्यर्थ आहे. त्याच्याच शेजारी ट्रॅक्शनची श्रेणी असते, एए पासून सी पर्यंत, आणि ती ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक लावण्यापुरतीच असते. युरोपचे लेबल मला यापेक्षा अधिक उपयोगाचे वाटते. मे २०२१ पासून त्यात ओल्या पकडीची श्रेणी ए ते ई अशी आहे. त्याआधीच्या वर्गवारीत ए आणि एफ या दोन टोकांमध्ये ताशी ८० किलोमीटर वेगावरून थांबण्याच्या अंतरात १८ मीटरांहून अधिक फरक पडत असे. अठरा मीटर म्हणजे पीएमपीची लांबलचक बस आणि तिच्या मागे आणखी एक मोटार. आपल्याकडे विकला जाणारा टायर त्याच नावाने युरोपात विकला जात असेल, तर त्याचे लेबल पाहून घ्यावे. मात्र आशियासाठी वेगळे बनवलेले अनेक टायर तिकडे नसतात आणि मग हा आधार मिळत नाही.

भारतात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे म्हणजे बीईईचे तारांकित लेबल आता काही टायरांवर दिसते. ते तारे टायरच्या लोळण्याला होणाऱ्या विरोधाचे, म्हणजे पर्यायाने इंधनबचतीचे आहेत. पाच तारे पाहून पावसाळ्याविषयी निश्चिंत झालेले एक गृहस्थ मला दुकानातच भेटले. त्यांना हे सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू तारे मीच काढून घेतले. ओल्या पकडीचा किमान निकष आपल्या कायद्यात आला तो एआयएस-१४२ या वाहन उद्योगाच्या मानकातून, ज्यात लोळण्याचा विरोध, ओली पकड आणि आवाज अशा तिन्ही गोष्टी धरल्या आहेत, आणि २०२२ च्या अधिसूचनेने तो टायरांना लागू करण्यात आला. एआयएस मानके प्रसिद्ध करते ती कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय ही वाहन संशोधन संस्था. पण हा निकष उत्तीर्ण-अनुत्तीर्ण स्वरूपाचा आहे. काठावर पास झालेला टायर आणि पहिल्या वर्गात आलेला टायर दुकानाच्या फळीवर सारखेच दिसतात.

आकार ठरल्यावर सोळा इंचांत स्पोर्ट वर्गातला टायर शोधण्याचे काम उरले. एका दुकानात तो मिळालाही, चारचा पूर्ण सेट, आणि सवलतीत. टायरच्या भिंतीवर डॉट या अक्षरांनी सुरू होणारी जी ओळ असते, तिचे शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. हे चार अंक टायरच्या एकाच बाजूला असतात आणि फळीवर तीच बाजू हमखास भिंतीकडे केलेली असते. मोबाइलचा टॉर्च लावून पाहिले तेव्हा सेट तीन वर्षांहून जुना निघाला. दुकानदाराने प्रामाणिकपणे मान्य केले की हे माप फारसे खपत नाही. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, म्हणजे त्यासाठी परवाना लागू लागला, तेव्हापासून कमी खपाच्या मापांतला परदेशी माल सुरळीत येत नाही आणि आलेला लवकर फिरत नाही.

तीन वर्षांचा न वापरलेला टायर वाईट असतो, असे मी म्हणणार नाही. थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी नीट ठेवलेला टायर बराच काळ चांगला राहतो. मोठ्या कंपन्या उत्पादनापासून दहा वर्षे ही कमाल मर्यादा सांगतात आणि पाच वर्षे वापरल्यानंतर दरवर्षी तपासून घ्यायला सांगतात. पण पुण्यात टायर जिथे ठेवतात ती जागा बहुधा पत्र्याखालचा पोटमाळा असते, आणि एप्रिलमध्ये तिथे हात लावला तर टायर कोमट लागतो. उष्णता आणि हवा यांनी रबर कडक होत जाते, आणि मी जादा पैसे मोजणार होतो ते नेमके मऊपणासाठी. वरच्या पायरीवरचा जुना टायर आणि मधल्या पायरीवरचा ताजा टायर यांत मी ताजा टायर पसंत केला. याविषयी माझ्या मनात आजही शंका नाही, पण ज्याला त्याच मापात ताजा स्पोर्ट टायर मिळेल त्याने तोच घ्यावा, हेही तितकेच स्पष्ट सांगतो.

घेतला तो कॉन्टिनेंटलचा अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी६, २०५/५५ आर१६ ९१व्ही, यंदाच्याच वर्षातल्या आठवड्यांचा. दुसऱ्या क्रमांकावर मिशलिन प्रायमसी ४ एसटी होता. तो अधिक शांत आणि मऊ चालतो असा अनेकांचा अनुभव आहे, आणि गाडीत वडीलधारी माणसे नेहमी बसत असती तर मी तोच घेतला असता. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे जुन्या कोटेशनशी तुलना करताना तेवढा फरक धरावा आणि बिलावर टायरचे मॉडेल व क्रमांक लिहून घ्यावेत.

बसवताना मी उभा राहिलो, आणि प्रत्येकाने उभे राहावे असे मला वाटते. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती टायरची सर्वांत हलकी बाजू असते आणि ती हवेच्या व्हॉल्व्हसमोर आणायची असते, म्हणजे बॅलन्सिंगला शिशाचे तुकडे कमी लागतात. असममित नक्षीच्या टायरवर बाहेरची बाजू कोणती हे लिहिलेले असते. गर्दीच्या शनिवारी एखादे चाक उलटे बसवले जाऊ शकते आणि ते महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. चाकाचे बोल्ट हवेच्या गनने करकचून आवळण्याऐवजी शेवटी टॉर्क पान्याने १२० न्यूटन मीटरवर आणावेत. पोराने पहिल्यांदा गनच उचलली होती. मी पाना मागितल्यावर तो आतून फडक्यात गुंडाळलेला आणला गेला. अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यावी, नाहीतर नवा टायर पहिल्या महिन्यापासूनच एका कडेने खायला लागतो. आणि खिशाला झेपत नसल्यामुळे दोनच टायर घ्यायचे असतील, तर गाडी पुढच्या चाकांवर ओढली जात असली तरी नवी जोडी मागे घालावी. ओल्या वळणावर पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाऊ लागते आणि वेग कमी करून सावरता येते. मागचे घसरले तर गाडी फिरते आणि ते सावरणे भल्याभल्यांना जमत नाही. ही गोष्ट टायरवाल्यांना पटवणे फार कठीण आहे.

हवेविषयी थोडेच सांगायचे आहे. दाब गाडीवरच्या तक्त्याप्रमाणे, टायर थंड असताना भरावा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की दाब साधारण एक पीएसआयने वाढतो. द्रुतगती मार्गावर तासभर धावून आलेल्या टायरमधली "वाढलेली" हवा पंपावर काढून टाकणे हा धोकादायक प्रकार आहे, कारण थंड झाल्यावर तोच टायर कमी हवेचा होतो, कमी हवेने भिंत अधिक वाकते, आणि वाकण्याने काँक्रीटवर तो आणखी तापतो. नायट्रोजन भरावा की नाही या वादात मी पडत नाही. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा पातळ थर राहतो, म्हणून पहिले काही शे किलोमीटर मी सांभाळून चालवले. तेवढ्यात वळवाच्या सरी आल्या. महिनोन्महिन्यांची धूळ आणि तेल पहिल्या सरीत वर येते आणि रस्ता सर्वांत निसरडा असतो तो तेव्हा. स्वारगेटच्या सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये जुन्या टायरवर, चाक जागीच फिरू लागले की पेटणारा ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा हमखास लुकलुकायचा, तो आता क्वचितच दिसतो. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर, जिथे पावसात पुढच्या ट्रकचे ब्रेकचे दिवे अचानक पेटतात, तिथे ब्रेकच्या पायाखाली, चाक अडकू न देणाऱ्या एबीएसची ती थरथर उशिरा येते. जुलैत ताम्हिणीत गेलो तेव्हा रस्त्यावरून आडवे पाणी वाहत होते. त्यातून साठच्या वेगाने जाताना स्टीअरिंगने हात सोडला नाही. वेग याहून वाढवून पाहण्याचे कारण नव्हते.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. खंबाटकी घाटात चढणीच्या वळणांवर स्टीअरिंग वळवल्यानंतर नाक वळण्यापूर्वी एक सूक्ष्म ढिलाई जाणवते. स्पोर्ट वर्गातल्या ताठ भिंतीच्या टायरमध्ये ती नसते, आणि भाचा तिथे काही न बोलता फक्त माझ्याकडे पाहतो. द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर आवाज मूळ टायरपेक्षा फारसा कमी नाही. मायलेज किंचित उतरले आहे, अर्थात नव्या खोल नक्षीचे ते नेहमीचेच असते आणि काही हजार किलोमीटरनंतर त्यातले थोडे परत येईल. पुढची चाके मागे आणि मागची पुढे करायची वेळ दिवाळीच्या आसपास येईल, तेव्हा चारही टायरांच्या नक्षीची खोली आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन ठिकाणी मोजून इथे लिहीन. पुढच्या जोडीचा बाहेरचा खांदा मधल्या भागापेक्षा लवकर उतरत असेल, तर पुढचा सेट ९४ भारक्षमतेचा, अधिक ताठ भिंतीचा शोधावा लागेल, आणि त्यासाठी दुकानदाराला दोन महिने आधी ऑर्डर देऊन ठेवायची आहे, म्हणजे पोटमाळ्यावरचा माल बघण्याची वेळ येणार नाही.